चौदा नंबरची कवटी

कापूसकाकांच्या घरी नवा पाहुणा आला, की चहाच्या आधी उंदीर यायचा. खराखुरा नव्हे, बोलण्यातला. पाहुणा टेकतो न टेकतो तोच काका पुढे सरकून म्हणायचे, "आमच्या नावाचा एक उंदीर आहे, ठाऊक आहे का तुम्हाला?" आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. पाहुणा हसला तर पंचाईत. गंभीरपणे मान डोलावली तर त्याहून मोठी, कारण मग सगळी गोष्ट पहिल्यापासून व्हायची. आतून काकू ओरडायची, "अहो, आधी पाणी तरी पिऊ द्या त्यांना. उंदीर कुठे पळून जातोय का?"

पळून जाणं शक्यच नव्हतं. तो संग्रहालयाच्या मागच्या खोलीत, लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात, पोटात कापूस भरलेल्या अवस्थेत एकतीस वर्षं पालथा पडून होता. कापूस भरणारे काकाच. म्हणून तर ते कापूसकाका. त्यांचं खरं नाव हजेरीपुस्तकात आणि त्या उंदरात, अशा दोनच ठिकाणी शिल्लक होतं.

संग्रहालयात लोक पुढच्या दाराने येतात, वाघ बघतात, मगर बघतात, मुलाला स्वच्छतागृहात नेऊन आणतात आणि घरी जातात. मागे अजून एक लांबट दालन आहे, उत्तरेकडच्या खिडक्यांचं, हे त्यांच्या गावीही नसतं. तिथे काकांचं टेबल. मेलेला उंदीर आला, की काका आधी त्याला फूटपट्टीवर उताणा निजवणार. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत किती, नुसती शेपटी किती, मागचा पाय किती, कान किती. मग पोटावर बोटभर चीर देऊन कातडं मोज्यासारखं उलटं काढणार. आत कापसाची वळी, शेपटीत तार, आणि कातडं पुन्हा सुलटं. खालून असे टाके घालणार, की काकूनेही मान खाली घालावी. कवटी मात्र कातड्यात राहत नाही. ती निघते आणि किड्यांकडे जाते.

ही किड्यांची खोली दालनाच्या टोकाला. पत्र्याच्या पेटीत बारके तपकिरी किडे पाळलेले. मांस लागलेली कवटी आत टाकायची. आठ दिवसांत ते ती अशी चाटूनपुसून साफ करतात, की कोणत्याही सुनेने घासलेलं भांडं तिच्यापुढे मळकट दिसेल. दार उघडलं की बारीक कुरकुर ऐकू येते. नवा माणूस म्हणतो, बाहेर पाऊस लागला वाटतं. काका म्हणतात, "नाही, जेवणं चाललीयत."

तर कातडं एकीकडे, कवटी दुसरीकडे. एकाच जिवाची ही अशी ताटातूट होते, आणि पुन्हा गाठ पडते ती केवळ नंबराच्या जोरावर. कातड्याच्या पायाला चौदाची चिठ्ठी, कवटीच्या जबड्याला चौदाची चिठ्ठी. एवढाच काय तो धागा. तो तुटला, की देवसुद्धा सांगू शकत नाही कोणाचं डोकं कोणाच्या धडाला.

काकांचे साडूभाऊ बंदराच्या कचेरीत बिनतारी यंत्रावर बसायचे. मनुष्य मोठा बोलका. जहाजांच्या बातम्या खात्याला आणि बाकीच्या बातम्या गावाला, अशी त्यांची वाटणी. काकांची चेष्टा हा त्यांचा हक्काचा विषय. "आमच्या साडूंशी हात मिळवला, की आठ दिवस मांजर मागे फिरतं," असं ते भर लग्नात सांगायचे. वर पुन्हा, "पण नशीब बघा. आमच्या नावाची साधी गल्ली नाही, आणि यांच्या नावाचा जगात उंदीर!"

आणि काका प्रसन्न होऊन म्हणायचे, "जळा, जळा."

त्या नावाची हकीकत अशी. काका सव्वीस वर्षांचे असताना थोरले साहेब त्यांना एका बेटावर घेऊन गेले. लाँचने आठ तासांचा प्रवास, आणि काकांनी त्यातले सात तास कठड्यावर ओणवं होऊन काढले. बेटावर माणूस नाही. पूर्वी कधीतरी एक जहाज खडकावर फुटलं होतं, त्यातले उंदीर पोहत किनाऱ्याला लागले आणि मालक होऊन बसले. साहेबांचं म्हणणं, की जहाजी उंदरांच्या आधीचा, बेटाचा स्वतःचा एक उंदीर इथे असणार. अकरा दिवस सापळे लावले. मिळाले एकूण सात, दहा नंबरपासून सोळापर्यंत. परत आल्यावर साहेबांनी भिंगाखाली एकेक कवटी घेतली आणि चौदा नंबरवर येऊन त्यांचा हात थांबला. दाढांवर उंचवट्यांची एक रांग जास्त होती. तशी दाढ जगात दुसऱ्या कुठल्याच उंदराला नव्हती. चौदाचं कातडंही देखणं: पाठ काळी, पोट हळदीसारखं पिवळं. साहेबांनी चार पानांचं वर्णन लिहिलं, ते परदेशी छापून आलं, आणि नाव द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी स्वतःचं नव्हे, कातडी सोलणाऱ्या पोराचं आडनाव घेऊन त्याला लॅटिन शेपूट जोडलं. चौदा नंबरच्या कातड्याला आणि कवटीला लाल चिठ्ठी बांधली. लाल चिठ्ठी म्हणजे मूळ नमुना. पुढे जगात कुणालाही शंका आली, की हाच का तो प्राणी, तर त्याने इथे यायचं आणि या नमुन्याशी ताडून बघायचं.

साहेब वारले. काका मात्र त्या लाल चिठ्ठीवर जगले. बढती हुकली तरी चिठ्ठी होती, घराला गळती लागली तरी चिठ्ठी होती. मुलीच्या सासरच्यांनी 'काय करतात वडील' म्हणून नाक मुरडलं, तेव्हा काका त्या सगळ्यांना मागच्या दारातून आत घेऊन गेले आणि काचेच्या डबीतली कवटी दाखवली. कशी अख्खी, कशी गोल, एक चरा नाही. "हे मी," असं काहीसं ते बोलून गेले. व्याही घाबरून दोन पावलं मागे सरकले, पण लग्न ठरलं.

एक गोष्ट काकांनी कुणालाही सांगितली नव्हती. काकूलासुद्धा नाही, आणि काकूला न सांगता त्या घरात साधं खोकताही येत नसे.

बेटावर मेणाचा दोरा संपला होता. सापळ्यांत लावायला सुकी मासळी नेली होती. काकांनी तिच्या पोत्याची शिवण उसवली आणि त्या सुतळीने कवट्यांना चिठ्ठ्या बांधल्या. किडे पेटीत मांस खाऊन थांबले नाहीत. मासळीचा वास लागलेली सुतळीही त्यांनी फस्त केली. आठव्या दिवशी काकांनी पेटी उघडली तेव्हा सात कवट्या वर आणि सात चिठ्ठ्या तळाला. दाराबाहेर साहेब विचारत होते, "झालं का रे?"

पाच कवट्या ओळखू आल्या. एक पिल्लाची, एक म्हाताऱ्याची, एकीचा पुढचा दात तुटलेला, अशा. उरल्या दोन, सारख्याच मापाच्या. चौदा आणि सोळा. एक अख्खी, एकीची मागची बाजू फुटलेली. टिपणवही पेटाऱ्यात होती आणि पेटारा चुकून लाँचबरोबर पुढे गेला होता. काकांनी क्षणभर विचार केला. चौदाचं कातडं सुरेख, सोळाचं मळकट राखी, बुटक्या शेपटीचं. सुरेख कातड्याला सुरेख कवटी शोभते, असा काहीसा तो विचार होता. त्यांनी अख्खीला चौदाची चिठ्ठी बांधली, फुटकीला सोळाची, आणि ओरडून सांगितलं, "झालं साहेब!"

महिन्याने पेटारा आला. तोवर साहेब हवेत होते आणि काकांचं नाव छापायला गेलं होतं. काकांनी टिपणवही बिस्किटांच्या डब्यात घातली, डबा माळ्यावर टाकला आणि पुन्हा कधी उघडला नाही. विसरले म्हणावं, तर दर साफसफाईला त्या डब्याला हात लावू नकोस म्हणून काकूवर खेकसायचे.

मग एकतीस वर्षांनी मुख्य कचेरीतून नव्या मॅडम आल्या. वय तिशीचं, चालणं तुरुतुरु, काकांच्या टेबलावर बसून शेंगदाणे खाणार. काकांना त्या पहिल्याच दिवशी आवडल्या. त्यांनी योजना सांगितली ती अशी: जहाजी उंदरांनी बेटावरच्या समुद्रपक्ष्यांची अंडी खाऊन संपवत आणली आहेत. आता हेलिकॉप्टरमधून अख्ख्या बेटावर विषाचे दाणे टाकायचे. एकही उंदीर ठेवायचा नाही.

"आणि आमचा?" काका सुई खाली ठेवून म्हणाले.

"तुमच्यासाठीच तर आलेय, काका. आधी तुमचे साठ पकडायचे, पिंजऱ्यात ठेवायचे. विष विरून गेलं, की सोडून द्यायचे. काळी पाठ, पिवळं पोट. वर्णन तर इतकं स्वच्छ आहे, की पोरसुद्धा ओळखेल."

"एखादा मारून कवटी बघणार?" काकांनी विचारलं. का विचारलं, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

"छे! उरलेत किती कोण जाणे, त्यांतला मारायचा कशाला? राखी आले तर ते जहाजी. ते सरळ समुद्रात."

मॅडम माणसं घेऊन बेटावर गेल्या. रोज सकाळी नऊ आणि संध्याकाळी पाचला बिनतारी संदेश यायचा आणि साडूभाऊ तो कचेरीच्या पायरीवरून जाहीर करायचे. आज चार पिवळे. आज सात. तिसऱ्या आठवड्यात साठ पुरे झाले आणि विषाला पुढचा मंगळवार ठरला. "साडूभाऊ, तुमचं घराणं भलतंच धीट आहे हो," ते म्हणाले. "मॅडमच्या हातून बिस्किट खातात म्हणे."

सगळे हसले. काकाही हसले, पण घरी जाताना मध्येच थांबले. एकतीस वर्षं उंदीर हाताळलेला माणूस तो. माणसाच्या हातून खाणं हे जहाजी उंदराचं काम. ज्याने माणूस कधी पाहिलाच नाही, तो कोपरा धरून बसतो.

शुक्रवारी संग्रहालयाच्या संचालकांनी त्यांना बोलावलं. बेटाच्या मोहिमेवर पुस्तिका निघणार होती, पहिल्या पानावर काकांचा फोटो. "त्या काळची टिपणवही आहे का तुमच्याकडे? एखादं पान छापू."

काकांच्या तोंडून 'आहे' निघून गेलं.

घरी येऊन त्यांनी स्टूल लावलं. काकू खालून बघत होती. "त्या डब्याला हात लावायचा नाही ना?" ती म्हणाली. काका चढले, तेव्हा तिने स्टूल धरलं.

वहीला अजून मासळीचा वास होता. काकांनी पान उलटलं. अक्षर त्यांचंच, तरुण, तोऱ्यातलं.

'१४. नर. पाठ काळी, पोट पिवळं. सापळ्याचा दांडा डोक्यावर बसला. कवटी मागून फुटली.'

आणि दोन ओळी खाली:

'१६. मादी. राखी, शेपटी आखूड. गळा आवळला, डोकं शाबूत. पोटात दोन पिल्लं. जठरात हिरवं शेवाळ, लहान खेकड्याची नांगी. पश्चिमेच्या कड्याखाली.'

काका पलंगाच्या कडेवर बसले. लाल चिठ्ठीची कवटी त्यांना पाठ होती. एक चरा नाही. फुटलेल्या डोक्याच्या उंदराची कवटी अख्खी कशी?

म्हणजे जगावेगळी दाढ त्या मळकट राखी मादीची. पिवळ्या पोटाचा तो साधा जहाजी उंदीर, जरा रंगीत निघालेला, माणसांत गोरे-काळे असतात तसा. साहेबांनी वर्णन केलं ते एकाच्या डोक्याचं आणि दुसऱ्याच्या अंगाचं, आणि असा प्राणी कधी जन्मालाच आला नव्हता. मॅडमनी साठ जहाजी उंदीर बिस्किटं घालून जपून ठेवले होते. बेटाचा खरा उंदीर राखी म्हणून समुद्रात जात होता. उरलेल्यांवर मंगळवारी विष पडणार होतं.

"काय झालं हो?" काकूने विचारलं.

"काही नाही. धूळ गेली डोळ्यात."

तीस वर्षांच्या संसारात काकूने त्यांची एवढी साधी थाप पहिल्यांदाच पचवली. तिलाही त्यांचा चेहरा बघून पुढचं विचारायचं धाडस झालं नाही.

आता कुणी म्हणेल, मंगळवारला तीन दिवस होते. बंदराची कचेरी हाकेच्या अंतरावर. उठायचं, जायचं, सांगायचं. अगदी बरोबर. दुसऱ्याच्या तोंडून कबुली देणं फार सोपं असतं. शनिवारी काका निघाले, तर वाटेत संचालकांच्या शिपायाने गाठलं. फोटोवाला आला होता. काका टेबलाशी, हातात डबी, डबीत कवटी. "जरा हसा," फोटोवाला म्हणाला. काका हसले. रविवारी मुलगी, जावई आणि नात आली. नातीने पाठ केलेलं ते लॅटिन नाव एका दमात म्हणून दाखवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काका उठून मागच्या अंगणात गेले आणि उगीचच नळ सोडून उभे राहिले.

सोमवारी नऊ वाजता ते साडूंच्या कचेरीत खुर्ची ओढून बसले. वही पिशवीत होती. यंत्रातून मॅडमचा खरखरता आवाज आला, भलताच आनंदात. "काका आहेत का तिथे? त्यांना सांगा, पिंजऱ्यात पहिली वीण झाली. नऊ पिल्लं!"

कचेरीत एकच गलका. साडूंनी काकांच्या पाठीवर थाप मारली. "अहो, नऊ! आता बारशाला बोलवा!" कुणी चहा मागवला, कुणी हात मिळवला.

नऊ. वहीत लिहिलं होतं, पोटात दोन. काकांनी पिशवीवर हात ठेवला. समोर सात-आठ हसरे चेहरे. त्यांनी चहा प्यायला, कप खाली ठेवला आणि घरी आले.

एवढंच. एक दिवस. त्या एका दिवसाला कुणी साक्षीदार नाही, कुणी जाब विचारला नाही. पण पुढे काका कुणी पाठीवर थाप मारायला हात उचलला की अंग चोरायचे, ते त्या दिवसापासून.

मंगळवारी ते पुन्हा गेले. आभाळ निवळलेलं, समुद्र ताटासारखा सपाट. साडू एकटेच होते. "या! आज विष टाकायला हवा बघा काय सुरेख आहे."

"यंत्र लावा."

"अहो, अजून दहा मिनिटं..."

"लावा म्हणतो ना!"

काका घराबाहेर कधी कुणावर ओरडले नव्हते. साडूंनी मुकाट्याने यंत्र लावलं.

काकांनी सगळं सांगितलं. सुतळीपासून. मध्ये मध्ये 'ऐकू येतंय का' म्हणून थांबत होते, आणि मॅडम 'हो' म्हणत होत्या, प्रत्येक वेळी थोड्या हळू. शेवटी काकांनी वहीतल्या दोन्ही ओळी वाचल्या. यंत्रात नुसती खरखर उरली. किड्यांच्या खोलीत येते तशी.

"मॅडम?"

"काका, हेलिकॉप्टर सहाला आलं होतं." नकाशाचा कागद उलगडल्याचा आवाज आला. "पूर्व, उत्तर, मधला डोंगर, सगळं झालं. वाऱ्यामुळे फक्त पश्चिमेचा कडा राहिलाय. तो दुपारी होता."

"थांबवा."

"थांबवते."

यंत्र बंद झालं. साडूंनी काकांच्या हातातला माइक काढून टेबलावर ठेवला. गावचा हा कर्णा आता पायरीवर जाऊन काय काय वाजवणार, या विचाराने काकांना घाम फुटला. पण साडू जागचे हलले नाहीत. त्यांनी उठून दाराला आतून कडी लावली आणि म्हणाले, "बसा थोडा वेळ." ही एक बातमी त्यांनी अजून कुणाला सांगितलेली नाही, बायकोलासुद्धा नाही. काकांना सगळ्यांत जास्त भीती त्याचीच वाटली. साडू चेष्टा करेनात, म्हणजे गोष्ट किती वाईट असेल!

दहाव्या दिवशी बेटावरून पत्र्याचा डबा आला. आत विषाने मेलेले, मिठात घातलेले बावीस उंदीर, सगळे राखी. काकांनी सकाळी आठला काम सुरू केलं. एकेकाचा जबडा उघडून भिंगाखाली दाढ बघायची. जहाजी. जहाजी. जहाजी. बाराव्याला रांग जास्त. आखूड शेपटी. मादी. पोटात दोन. सतराव्यालाही. एकविसाव्यालाही.

हे दाढवाले तिघे काकांनी वेगळे ठेवले. टाके नेहमीसारखेच सुरेख पडत होते. कवट्यांना मेणाचा दोरा बांधला, दुहेरी गाठ मारली, आणि पेटीचं झाकण लावल्यावरही कुरकुर थांबेपर्यंत ते दारातच उभे होते. ती थांबत नाही, हे त्यांना माहीत होतं.

साठ पिवळ्यांचं काय झालं, ते मॅडमनी आपणहून सांगितलं नाही. काकांनीही विचारलं नाही.

पुस्तिका रद्द झाली. मॅडम महिन्याने परतल्या. उन्हाने सोललेल्या, पहिल्यापेक्षा बारीक. टेबलावर बसल्या नाहीत, खुर्ची घेतली. काकांनी राजीनाम्याचा कागद लिहून ठेवला होता. तो मॅडमनी वाचला आणि उलटा करून पुन्हा टेबलावर ठेवला.

"नवं वर्णन लिहितेय," त्या म्हणाल्या. "वहीतली ओळ छापावी लागेल. सुतळीसुद्धा."

"छापा. आणि माझं नाव तेवढं काढून टाका त्यातून."

"ते नाही काढता येत."

"कुणाला येतं?"

"कुणालाच नाही, काका. एकदा दिलेलं नाव साहेबांनाही काढता आलं नसतं. एका नमुन्यात दोन प्राणी निघाले, तर तपासणाऱ्याने नाव दोघांपैकी एकाला ठेवायचं असतं, एवढाच अधिकार. कातड्याला ठेवलं, तर तुमचं नाव जहाजी उंदराच्या यादीत जाऊन बुजतं. कवटीला ठेवलं, तर खऱ्याला राहतं."

"कातड्याला ठेवा." काका इतक्या घाईने बोलले, की मॅडमना हसू यायला हवं होतं.

"साहेबांनी नवं म्हणून काय लिहिलं होतं? दाढ. दाढ कवटीत आहे." त्यांनी लाल चिठ्ठीची डबी हळूच पुढे सरकवली. "नाव कवटीलाच जातं. कालच लिहून पाठवलं."

म्हणजे आता त्या उंदराबद्दल जगात कुणीही, केव्हाही एक ओळ लिहिली, तरी त्यात काका असणार होते. आहे म्हणून लिहिली तरी, होता आणि संपला म्हणून लिहिली तरी.

ही बातमी घरी कळली तेव्हा मुलगी म्हणाली, "म्हणजे नाव राहिलं ना बाबा? मग झालं तर!" काकूने तिच्याकडे असं बघितलं, की ती उठून आत गेली.

मॅडम परतल्या तरी पश्चिमेच्या कड्याखाली सापळे लावलेलेच होते, जिवंत पकडायचे. दाणे तिथे पडले नव्हते, पण उंदराला हद्द कोण आखून देणार? मॅडमची माणसं रोज नऊला संदेश द्यायची. काका रोज तिथे असायचे. 'काही नाही.' सोळा दिवस 'काही नाही.' साडू तो शब्द लिहून घेऊन खालून रेघ मारायचे.

सतराव्या दिवशी पलीकडचा माणूस म्हणाला, "एक मिळाला. राखी, शेपटी आखूड. मादी आहे. पण काही खात नाही. धान्य दिलं, बिस्किट दिलं, फळ दिलं. कोपऱ्यात बसलीय."

काकांनी साडूंच्या हातून माइक जवळजवळ हिसकावून घेतला. "शेवाळ," ते म्हणाले. "खडकावरचं हिरवं शेवाळ, ओलं. आणि लहान खेकडा, नांगीसकट. आणि पिंजऱ्यावर फडकं टाका, समोर उभे राहू नका. ऐकू येतंय का?"

संध्याकाळी पाचला उत्तर आलं. खाल्लं. थोडं.

त्या गोष्टीला आता पाच महिने झाले. सापळे अजून लागतात, नर मिळालेला नाही. ती मात्र आहे. संग्रहालयाची पद्धत अशी, की पिंजऱ्यातल्या दुर्मिळ जनावराची चिठ्ठी आधीच लिहून ठेवायची, ऐन वेळी घाई नको. काकांनी तीही लिहिली आहे, दोन प्रती, एक कातड्याची, एक कवटीची. नंबर घातला, बेटाचा कडा घातला, नावाच्या जागी ते लांबलचक लॅटिन नाव घातलं आणि मेणाचा दोरा ओवून दोन्ही खणात ठेवल्या. रोज नऊला बंदराच्या कचेरीत जायच्या आधी ते खण उघडून एकदा बघतात. तारखेची जागा कोरी आहे.